विमानाचे गुण गावाच्या खात्यावर

माझी मावशी मालवण तालुक्यात राहते. घरातल्या दोन खोल्या तिने 'निवास व न्याहारी' योजनेत पाहुण्यांसाठी काढल्या आहेत. पाहुणा दारात आला की ती चहाआधी पाण्याचा तांब्या पुढे करते आणि तेवढ्यात त्याचा चेहरा बघून घेते. "प्रवास कसो झालो ता माका इचारूचा लागना नाय, तोंडारच दिसता," असं ती म्हणते. तिचं आणखी एक निरीक्षण आहे आणि हा लेख मी त्यावरूनच लिहायला घेतला. वाटेत हाल झालेल्या पाहुण्याला सोलकढी आंबट लागते, पंख्याचा आवाज सहन होत नाही, समुद्रही सांगितला होता त्याहून लांब वाटतो. त्याच खोलीत, त्याच पंख्याखाली, वेळेवर पोहोचलेला पाहुणा आणखी एक दिवस राहता येईल का विचारतो.

पर्यटनाचे अभ्यासक याला 'जाणवलेली गुणवत्ता' म्हणतात. शब्द जड आहे, कल्पना साधी आहे. विमान कंपनीने आणि विमानतळाने खरोखर काय दिलं ही एक गोष्ट, आणि प्रवाशाला काय मिळाल्यासारखं वाटलं ही दुसरी. पुन्हा यायचं की नाही, ऑफिसातल्या चार जणांना गाव सुचवायचं की नाही, हे माणूस दुसऱ्या गोष्टीवरून ठरवतो. म्हणून ती नीट समजून घ्यायला हवी.

शब्दाला जागणं

अमेरिकेत १९८५ मध्ये परशुरामन, झाइटहॅमल आणि बेरी या तीन अभ्यासकांनी सेवेच्या गुणवत्तेबद्दल एक विचार मांडला आणि १९८८ मध्ये ती मोजण्याची पट्टीही दिली. त्यांचं म्हणणं असं की बँक असो, इस्पितळ असो की विमान, माणूस सेवा कोऱ्या मनाने तोलत नाही. तो मनात एक अपेक्षा धरून येतो आणि हाती आलेलं तिच्याशी ताडून बघतो. या दोन्हींत जेवढं अंतर, तेवढी त्याच्या लेखी सेवा चांगली किंवा वाईट.

एसटीची काच कणकवली ते मालवण खडखडत राहिली तरी कोणी तक्रारवही मागत नाही. एसटीने यावं आणि पोहोचवावं एवढंच आपण तिच्याकडे मागतो. २००३ मध्ये एअर डेक्कनने भारतात स्वस्त विमानप्रवास सुरू केला, तेव्हा जेवणाचा ट्रे गेला आणि पाण्याच्या बाटलीलाही पैसे पडू लागले. तरी लोक चढले, कारण कमी भाड्याबरोबर त्यांनी अपेक्षाही कमी करून घेतली होती. आजही स्वस्त तिकीट काढलेला प्रवासी सँडविचवरून भांडत नाही. तो भांडतो ते 'विमान आता साडेचारला सुटेल' असं तिसऱ्यांदा ऐकल्यावर.

त्या पट्टीत गुणवत्तेच्या पाच बाजू आहेत. डोळ्यांना दिसणाऱ्या गोष्टी, म्हणजे आसन, स्वच्छता, गणवेश. मग शब्दाला जागणं, अडचणीत तत्परतेने धावून येणं, विश्वास वाटावा असं ज्ञान आणि वागणं, आणि आपुलकी. यांतलं लोकांना सर्वांत महत्त्वाचं काय वाटतं, हे तपासलं तेव्हा शब्दाला जागणं सगळ्यांच्या वर आलं. कबूल केलं ते, कबूल केलेल्या वेळी. नवीन टर्मिनलचं उद्घाटन होतं तेव्हा छताची उंची, काचेच्या भिंती, स्थानिक चित्रकलेचे नमुने यांची वर्णनं छापून येतात. ते सगळं पहिल्या बाजूत मोडतं. ते असावं, मलाही आवडतं. पण गावाकडे माणूस परत येतो तो दुसऱ्या बाजूमुळे.

विश्वासाबद्दल एक गोष्ट इथेच सांगायला हवी. इंजिनाची देखभाल कशी झाली हे प्रवाशाला दिसत नाही, कळतही नाही. मग तो दिसणाऱ्या गोष्टींवरून न दिसणाऱ्यांचा अंदाज बांधतो. समोरच्या आसनाचा खिसा फाटलेला असेल तर त्याला पंखांचीही शंका येते. लहान शहरांना जोडणारी एटीआर विमानं पंख्याची असतात, आणि पंखा दिसला की 'जुनं विमान दिसतंय' अशी कुजबुज होते. खरं तर तासाभराच्या अंतराला, आखूड धावपट्टीला आणि कमी प्रवाशांना हेच यंत्र सोयीचं, कारण ते इंधन कमी खातं. विमानात बसताना कोणीतरी दोन वाक्यांत हे सांगितलं, तर किती जणांची मूठ सैल होईल.

घड्याळातली वेळ आणि मनातली वेळ

वाट पाहण्याचं मानसशास्त्र डेव्हिड मेस्टर यांनी १९८५ मध्येच एका छोट्या लेखात मांडलं होतं. रिकामा वेळ भरलेल्या वेळेपेक्षा लांब वाटतो. किती थांबायचं हे माहीत नसेल तर तो आणखी लांबतो, आणि का थांबायचं हे माहीत नसेल तरीही लांबतो. ह्यूस्टन विमानतळाचा किस्सा या विषयात नेहमी सांगितला जातो. सामान उशिरा येतं अशा तक्रारी होत्या, म्हणून माणसं वाढवली आणि वेळ सरासरी आठ मिनिटांवर आणली. तक्रारी थांबेनात. मग लक्षात आलं की प्रवासी एका मिनिटात सामानाच्या पट्ट्याजवळ पोहोचतात आणि सात मिनिटं नुसते उभे राहतात. विमानं लांबच्या दारांशी लावली आणि चालण्याची वाट वाढवली. एकूण वेळ तेवढीच राहिली, पण तक्रारी जवळजवळ संपल्या.

हा किस्सा मला पूर्ण आवडत नाही. म्हाताऱ्या माणसाला जास्त चालायला लावून मिळालेलं समाधान खरं समाधान नव्हे. पण मूळ मुद्दा खरा आहे. आपल्याकडे शेवटची बॅग तीस मिनिटांत पट्ट्यावर यावी असा दंडक आहे आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये हवाई सुरक्षेच्या केंद्रीय कार्यालयाने विमान कंपन्यांना त्याची लेखी आठवण करून दिली. चांगलंच झालं. त्याबरोबर 'पहिली बॅग बारा मिनिटांत येईल' अशी पाटी पट्ट्यावर लागली, तर तीच बारा मिनिटं हलकी होतील. कारण सांगायला पैसे लागत नाहीत, आणि तरीही सर्वांत कमी मिळतं ते तेच.

आठवणीचंही असंच आहे. मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानेमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रयोगांतून दाखवलं की माणूस अनुभवाची सरासरी काढून ठेवत नाही. सर्वांत तीव्र क्षण आणि शेवट, एवढंच ठळक उरतं. सहलीला हे लावून बघा. विमानाने येणाऱ्याच्या सहलीचा शेवट समुद्रावर होत नाही, विमानतळावर होतो. चार दिवस सुखात गेले आणि पाचव्या रात्री खुर्चीवर पाय आखडून मुलांना मांडीवर झोपवावं लागलं, तर घरी गेल्यावर सांगायला तीच रात्र असते.

दोष कोणाचा, नाव कोणाचं

प्रवाशाला एकच प्रवास दिसतो, पण त्यामागे पाच-सहा वेगवेगळी घरं असतात. विमान कंपनीचं, विमानतळ खासगी संस्थेचा किंवा प्राधिकरणाचा, हवाई वाहतुकीचं नियंत्रण सरकारी, सुरक्षा तपासणी बहुतेक ठिकाणी सीआयएसएफची, बाहेरची टॅक्सी स्थानिक संघटनेची. घरी जाऊन माणूस यांतलं एकही नाव घेत नाही. तो म्हणतो, "गोव्यात फार रांगा होत्या."

गोव्याचं उदाहरण यासाठी फार बोलकं आहे. दाबोळीचा विमानतळ पोर्तुगीज काळातला आणि गोवा मुक्तीनंतर तो नौदलाचा तळ झाला. कामाच्या दिवशी सकाळचे काही तास लष्करी सरावासाठी राखून ठेवलेले, त्यामुळे नागरी विमानं उरलेल्या वेळेत दाटीने यायची. दुपारनंतर टर्मिनल गच्च भरायचं, आणि त्या दाटीमागचं कारण आत उभ्या असलेल्या माणसाला कुठून कळणार? ५ जानेवारी २०२३ पासून पेडणे तालुक्यात मोपाच्या मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळावरून विमानं सुरू झाली. तिथे सकाळच्या वेळेचं असं बंधन नाही, इमारत मोकळी आहे. विमानतळ म्हणून मोपाला प्रवासी चांगले गुण देतात ते रास्तच.

पण प्रवास टर्मिनलच्या दारात संपत नाही. मोपा गोव्याच्या उत्तर टोकाला आहे. दक्षिण गोव्यातल्या पाळोळ्याला जाणाऱ्याला तिथून सुमारे शंभर किलोमीटर जायचं असतं. टॅक्सीचं भाडं आणि ॲपवरच्या टॅक्सींना होणारा विरोध हा गोव्यातला जुना, दुखरा वाद आहे. टॅक्सीवाल्यांची बाजूही ऐकण्यासारखी आहे. हंगाम चार-पाच महिन्यांचा आणि गाडीचा हप्ता बारा महिन्यांचा. तरी प्रवाशाच्या मनाचा हिशेब बदलत नाही. विमानाचं तिकीट स्वस्तात मिळाल्याचा आनंद त्याने मनात जपलेला असतो, आणि टॅक्सीच्या खिडकीवर भाडं ऐकलं की तो आनंद तिथेच ओसरतो. हे भाडं त्याच्या अपेक्षेत धरलेलंच नसतं. आधीच माहीत असतं तर तेच भाडं इतकं बोचलं नसतं.

मोपामुळे सावंतवाडी आणि वेंगुर्ल्याला मात्र अनपेक्षित दार उघडलं. राज्याची हद्द ओलांडली की झालं. मावशीकडे येणारे कितीतरी पाहुणे आता तिकडून येतात.

चिपी, आणि 'अडकलो तर?' हा प्रश्न

सिंधुदुर्गाला स्वतःचा विमानतळ आहे. वेंगुर्ला तालुक्यात, परुळ्याजवळ चिपीला. ९ ऑक्टोबर २०२१ रोजी त्याचं उद्घाटन झालं, मुंबईचं विमान उतरलं आणि जिल्ह्याला किती आनंद झाला ते मी पाहिलं आहे. ही सेवा 'उडान' योजनेत होती. या योजनेत लहान ठिकाणच्या मार्गावर ठरावीक आसनांचं भाडं बांधून दिलेलं असतं, त्यामुळे कंपनीला येणारी तूट सरकार तीन वर्षं भरून देतं, आणि तेवढा काळ त्या मार्गावर तिला स्पर्धाही नसते. तीन वर्षांत प्रवाशांना सवय लागेल आणि मार्ग स्वतःच्या पायावर उभा राहील, असा त्यामागचा विचार. इथे ती मुदत २०२४ मध्ये संपली आणि मुंबईची ती सेवा थांबली.

असं का होतं, हे समजायला लहान मार्गांचं गणित बघावं लागतं. असा मार्ग बहुतेक वेळा एकाच विमानावर चालतो, आणि ते विमान सकाळपासून तीन-चार गावं करत येतं. पहिल्या गावाला धुकं लागलं की शेवटच्या गावाची फेरी घसरते. विमानतळावर रात्री उतरण्याची सोय नसेल तर संध्याकाळची घसरलेली फेरी उशिरा येत नाही, ती रद्दच होते. शिर्डीने हे बरीच वर्षं सोसलं. विमानतळ ऑक्टोबर २०१७ मध्ये सुरू झाला, पण रात्रीचं पहिलं विमान उतरलं ते मार्च २०२५ च्या अखेरीस. रात्री पोहोचून पहाटेच्या काकड आरतीला उभं राहता येणं ही साईभक्तासाठी किती मोठी गोष्ट आहे, हे कुठल्याही गुणपत्रिकेच्या रकान्यात मावणार नाही.

आता प्रवाशाच्या डोक्यातलं गणित. समजा, एखादं विमान दहापैकी आठ वेळा तासाभरात पोहोचवतं आणि दोन वेळा रद्द होतं. रात्री मुंबईहून सुटणारी गाडी सकाळी कुडाळला सोडते, कधी तासभर उशिरा, पण सोडते. सरासरी काढली तर विमान कितीतरी पुढे. पण शुक्रवार-शनिवार-रविवारची सुट्टी काढलेला माणूस सरासरी काढत नाही. तो विचारतो, "अडकलो तर?" तीन दिवसांतला एक दिवस गेला, तर तासाभरात पोहोचण्याच्या सोयीला त्याच्या लेखी किंमत उरत नाही. म्हणून तो कोकण रेल्वेचं तिकीट धरून ठेवतो, नाहीतर मुंबई-गोवा महामार्गाला नावं ठेवत गाडीच काढतो. विमानाला वेग आहे हे त्यालाही मान्य असतं, त्याचा अविश्वास असतो तो दिलेल्या वेळेवर.

यातून एक घसरण सुरू होते. भरवसा कमी झाला की आसनं रिकामी राहतात, आसनं रिकामी राहिली की कंपनीचं विमान दुसऱ्या नफ्याच्या मार्गावर वळतं, फेऱ्या आणखी कमी होतात, आणि भरवसा आणखी कमी होतो. मग बाहेरून पाहणारा म्हणतो, "इथे प्रवासीच नाहीत." प्रवासी होते. ते रेल्वेने आले.

सोमवारी अजिंठा बंद असतो

एका दिवसाच्या उशिराची किंमत सगळीकडे सारखी नसते. छत्रपती संभाजीनगरचा विमानतळ हे माझं आवडतं उदाहरण आहे, कारण तिथे जगभरचे लोक दोन ठरावीक गोष्टींसाठी येतात. अजिंठा आणि वेरूळ, दोन्ही १९८३ पासून जागतिक वारसा यादीत. अजिंठा शहरापासून सुमारे शंभर किलोमीटर, वेरूळ तीसच्या आसपास. आणि अजिंठा सोमवारी बंद असतो, वेरूळ मंगळवारी.

आता शनिवारी संध्याकाळी उतरून रविवारी अजिंठा आणि सोमवारी वेरूळ बघून मंगळवारी सकाळी परतणारा गट डोळ्यांसमोर आणा. शनिवारचं विमान रद्द झालं आणि ते रविवारी संध्याकाळी पोहोचले. सोमवारी वेरूळ दिसेल, पण अजिंठ्याला कुलूप. एवढ्या लांबून आलेला बौद्ध यात्रेकरू किंवा चित्रकलेची विद्यार्थिनी पद्मपाणीच्या भिंतीपर्यंत पोहोचतच नाही. तिकिटाचे पैसे परत मिळाले तरी ते चित्र कोण परत देणार?

परदेशी सहल कंपन्या वर्षभर आधी कार्यक्रम छापतात. एप्रिल २०१९ मध्ये जेट एअरवेज बंद पडली तेव्हा या शहराची विमानं घटली. अशा वेळी कार्यक्रमातून शहर एकदा गळलं की विमान परत सुरू झाल्यावर ते लगेच परत छापलं जात नाही. आधी आणखी एक-दोन हंगाम 'टिकतंय का बघू' म्हणून वाट पाहिली जाते. विमान गेलं की पर्यटक लगेच जातो, विमान आलं की तो हळूहळू येतो.

मोठ्या शहरांनाही हे चुकत नाही. डिसेंबर २०२५ च्या पहिल्या आठवड्यात वैमानिकांच्या विश्रांतीच्या नव्या नियमांशी नियोजन जुळलं नाही आणि इंडिगोची हजारो उड्डाणं रद्द झाली, तीही लग्नसराई आणि सहलींच्या ऐन दिवसांत. देशातल्या निम्म्याहून अधिक प्रवाशांना नेणारी एकच कंपनी अडखळली की सगळ्या देशाचं पर्यटन अडखळतं, हे तेव्हा लहान मुलांनाही कळलं.

मोजतो कोण, आणि कुठे

विमानतळांना गुण देणारी सर्वांत प्रसिद्ध पाहणी जागतिक विमानतळ परिषदेची, २००६ पासूनची. ती उपयुक्त आहे. पण निघणाऱ्या प्रवाशाला ती विचारते विमानात बसण्याआधी, दाराजवळ. म्हणजे जो तिथवर पोहोचला त्यालाच. वैतागून रेल्वेकडे वळलेला माणूस तिथे नसतोच, आणि उतरल्यावर बॅग आणि टॅक्सीचं काय झालं, हेही त्या उत्तरात नसतं. नागरी विमान वाहतूक महासंचालनालय दर महिन्याला वेळ पाळण्याचे आकडे देतं. ठरल्या वेळेनंतर पंधरा मिनिटांपर्यंतचं विमान वेळेवर धरतात, आणि मोजणी होते ती मोजक्या मोठ्या विमानतळांवर. लहान गावच्या विमानाने महिन्यात किती वेळा शब्द पाळला, हे त्या तक्त्यात सापडत नाही. ज्या गावांचं पर्यटन एका फेरीवर उभं आहे, त्यांचाच हिशेब कुठे नाही, हे मला फार लागतं. प्रत्येक विमानतळाचा, प्रत्येक मार्गाचा आकडा दर महिन्याला जाहीर व्हायला हवा. माहिती कंपन्यांकडे असतेच.

भरपाईचीही अशीच एक पोकळी आहे. उड्डाण ऐनवेळी रद्द झालं तर पर्यायी विमान किंवा पैसे परत, आणि कंपनीचा दोष असेल तर प्रवासाच्या लांबीनुसार जास्तीत जास्त पाच, साडेसात किंवा दहा हजार रुपये, असे नियम आहेत. हवामानामुळे रद्द झालं तर ही रक्कम नाही. पण कोणतंही कारण असलं तरी भरपाई तिकिटाजवळच थांबते. ज्या घरी पाहुणा येणार होता, त्या घराचा यात उल्लेखही नाही.

गेल्या हंगामात मावशीकडे पाच जणांचं एक कुटुंब यायचं होतं. दुपारी फोन आला, विमान रद्द झालं, सुट्टी संपत आली, आता नाही जमणार. सुरमई सकाळीच आणलेली, वाटपाचं खोबरं भाजून झालेलं. तिने आगाऊ घेतलेले पैसे पूर्ण परत पाठवले. मी म्हटलं, मावशी, निम्मे ठेवायचे ना, ते नियमात बसतं. तर म्हणाली, "तेंचो काय दोष?"

त्यांचा दोष नव्हता हे खरं, आणि तिचाही नव्हता. त्या दिवसापासून तिच्या नोंदवहीत नाव, माणसं, तारीख यांच्यापुढे एक नवा रकाना आहे, 'कशान येतत'. रेल्वे लिहिलेलं असेल तर ती आदल्या संध्याकाळीच मासळीवालीला सांगून ठेवते. विमान लिहिलेलं असेल तर उतरल्याचा फोन येईपर्यंत थांबते, आणि त्या पाहुण्यांना पहिल्या जेवणाला डाळ, भात आणि तळलेले सांडगे मिळतात.